नानकटाई, शेंगदाणे, चॉकलेट आणि बडोद्याचा उन्हाळा

तळाशी कुस्करलेल्या नानकटाईचा थर, मध्ये पीनट बटर आणि वर चॉकलेट, अशी ही तीन थरांची वडी करायला तशी सोपी आहे. तिला भट्टी लागत नाही, पाकाची तार पाहावी लागत नाही आणि थर लावून फ्रीजमध्ये ठेवले की काम संपते. तरीही त्याच साहित्यातून एका घरची वडी आठवडाभर खुसखुशीत राहते, तर दुसऱ्या घरची तिसऱ्याच दिवशी खालून मऊ पडते किंवा वरून पांढरट दिसू लागते. याचे कारण हाताच्या गुणात शोधण्यापेक्षा वडीच्या आत चाललेल्या प्रवासात शोधावे. पाणी आणि तेल हे दोनच पदार्थ एका थरातून दुसऱ्या थरात जातात. पाण्याला अडवणे सोपे असते, तेलाला अडवणे जवळजवळ अशक्य असते, आणि बडोद्यासारख्या उष्ण गावात तेलाचे पारडे आणखी जड होते.

शेंगदाण्यापासून सुरुवात करू. गुजरात हे भुईमुगाच्या उत्पादनात देशातील आघाडीचे राज्य आहे, आणि त्यातील मोठा वाटा सौराष्ट्राचा. खरिपाचे नवे दाणे दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात आणि या वडीसाठी तेच घ्यावेत, कारण दाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असते आणि जुन्या दाण्यातील तेलाला हवेतील ऑक्सिजनमुळे खवट वास येऊ लागतो. हा खवटपणा मुख्यतः तेलातील लिनोलेइक आम्ल या मेदाम्लाच्या वाट्याला येतो. ओलेइक आम्ल हे दुसरे मेदाम्ल त्या मानाने बरेच टिकाऊ असते. म्हणूनच जुनागढच्या भुईमूग संशोधन केंद्राने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने मिळून तयार केलेल्या 'गिरनार ४' आणि 'गिरनार ५' या, २०२० मध्ये देशाला अर्पण झालेल्या वाणांच्या तेलात सुमारे ८० टक्के ओलेइक आम्ल असणे ही गोष्ट पीनट बटर करणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशीची शंका येणारे दाणे मात्र निवडून टाकावेतच. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची पेंड खाऊन टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष उजेडात आले, आणि ते भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही.

दाणे मंद आचेवर, आतपर्यंत फिकट तांबूस होईतो भाजावेत. भाजताना त्यांतील पाणी उडून जाते, आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले व शर्करा यांच्यात ती अभिक्रिया सुरू होते जिचे वर्णन फ्रेंच संशोधक लुई-कामीय मेयार याने १९१२ मध्ये केले. भाजलेल्या दाण्याचा ओळखीचा वास तिच्यातून निर्माण होणाऱ्या पायराझिन वर्गातील संयुगांचा असतो. मोठ्या आचेवर साल करपते आणि आतला दाणा कच्चा राहतो, त्यामुळे वासही अर्धवटच येतो. जवळच्या भरूचची खारी सिंग वापरली तर भाजण्याचे काम वाचते. मीठ पाण्याबरोबर दाण्यात मुरलेले असल्याने ते सगळीकडे सारखे लागते, फक्त पुढे वेगळे मीठ घालायचे नाही.

दाण्याचे कूट करताना मिक्सर जरा जास्त फिरला की कुटाला तेल सुटते आणि कोशिंबिरीसाठी ते वाया गेले असे आपण मानतो. पीनट बटर तिथूनच सुरू होते. भांड्याकडे नीट पाहिले तर टप्पे स्पष्ट दिसतात: आधी कोरडी भरड, मग ओलसर कूट भांड्याच्या कडेला चिकटू लागते, मग त्याचा एक जड गोळा होऊन पात्यांभोवती फिरतो आणि मिक्सरचा आवाज बदलतो, आणि त्यानंतर अचानक तो गोळा सैल होऊन चकचकीत, ओघळणारा होतो. दाण्याच्या पेशीत तेल प्रथिनांच्या पातळ आवरणात बंद असलेल्या अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात असते. पेशी फुटतात, आवरणे फाटतात, आणि मोकळे झालेले तेल इतके होते की घन कण त्यात तरंगू लागतात. गोळ्याच्या टप्प्यावर धीर सुटून अनेकजण वरून तेल ओततात. ते अनावश्यक आहे. मिक्सरला विश्रांती देत आणखी काही मिनिटे दळले की दाण्याचे स्वतःचे तेल पुरते.

असे बटर बरणीत ठेवले की कण खाली बसतात आणि तेल वर येते. अमेरिकेत जोसेफ रोझफील्ड याने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर उपाय काढला: हायड्रोजनीकरण केलेले, म्हणजे खोलीच्या तापमानाला घट्ट राहणारे थोडे तेल त्यात मिसळायचे, की त्याच्या स्फटिकांच्या जाळीत द्रव तेल अडकून बसते. दुकानातील बहुतेक गुळगुळीत पीनट बटर आजही याच तत्त्वावर टिकते. वडीच्या मधल्या थराला हीच घट्ट जाळी हवी असते, म्हणून घरचे पाव किलो बटर असेल तर त्यात साधारण ५० ग्रॅम लोणी आणि ७० ते ८० ग्रॅम पिठीसाखर घालावी. साखर इथे गोडीइतकीच बांधणीसाठी असते, कारण तिच्या बारीक कणांचा पृष्ठभाग मोकळे तेल धरून ठेवतो. मीठ घालायचे तर अगदी बारीक घालावे; ते तेलात विरघळत नाही आणि जाड खडे दाताखाली येतात.

इथे एक इशारा. मिश्रण घट्ट झाले म्हणून ते सैल करायला चमचाभर दूध घालण्याचा मोह होतो, आणि मिश्रण सैल होण्याऐवजी चटकन दगडासारखे होते. तेलात तरंगणारे साखरेचे आणि प्रथिनांचे कण कोरडे असतात तोवर एकमेकांवरून घसरतात. थोडेसे पाणी मिळाले की ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात. वितळलेल्या चॉकलेटमध्ये वाफेचे थेंब पडले तर नेमके हेच घडते. त्यामुळे भांडी, चमचे आणि हात कोरडे ठेवणे हा या वडीचा पहिला नियम आहे.

तळाच्या थरासाठी परदेशी पाककृतींत बिस्किटांचा चुरा आणि लोणी असते. मला नानकटाई अधिक पसंत आहे, आणि ती केवळ गावच्या अभिमानापोटी नव्हे. विकतच्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते, तर तुपात ते जवळजवळ नसते. तुपात बांधलेला चुरा म्हणूनच जास्त दिवस खुसखुशीत राहतो. नानकटाईत मुळातच भरपूर तूप असल्याने २०० ग्रॅम चुऱ्याला एक-दोन चमचे पातळ तूप पुरते. चुरा वाटीच्या बुडाने चांगला दाबून बसवावा.

खुसखुशीतपणाचे गणित एकूण पाण्यावर चालत नाही, मोकळ्या पाण्यावर चालते. साखर, मीठ किंवा पिष्ट यांनी धरून ठेवलेले पाणी हालचालीला उपलब्ध नसते. उपलब्ध असलेल्या पाण्याचे माप अन्नशास्त्रात ० ते १ या पट्टीवर देतात, आणि पाणी नेहमी जास्त मापाकडून कमी मापाकडे सरकते. बिस्किट, पीनट बटर आणि चॉकलेट या तिघांचेही माप ०.४ च्या आतबाहेर असते, म्हणून त्यांच्यात पाण्याची देवघेव फारशी होतच नाही, आणि ०.६ च्या खाली जिवाणू व बुरशी वाढत नसल्याने वडी टिकते. याच वडीत हौसेने फेटलेल्या सायीचा थर घातला की सगळे बदलते, कारण सायीचे माप १ च्या जवळ असते आणि तळाचा चुरा एका रात्रीत शिऱ्यासारखा होतो. साय हवीच असेल तर चुऱ्यावर आधी वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात फिरवावा. पाण्याला मेदाचा थर ओलांडणे जड जाते, आणि आइस्क्रीमच्या कोनाला आतून चॉकलेट लावतात ते याच कारणाने.

आता चॉकलेट, जिथे बडोद्याचे हवामान खरी परीक्षा घेते. कोको बटरचे, म्हणजे चॉकलेटमधील मेदाचे, रेणू सहा वेगवेगळ्या रचनांत स्फटिक होऊ शकतात, हे १९६६ मध्ये विले आणि लटन या संशोधकांनी दाखवले. पहिली रचना सुमारे १७ अंश सेल्सिअसला वितळते, चौथी २७-२८ अंशांना, पाचवी ३४ अंशांच्या जवळ आणि सहावी ३६ अंशांना. आपल्याला पाचवी हवी असते: तीच चकाकते, कट्‌कन तुटते आणि जिभेवर मात्र विरघळते. ती मिळवण्यासाठी गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवून सर्व जुने स्फटिक मोडायचे, ढवळत २७-२८ अंशांपर्यंत उतरवायचे, आणि पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत नेऊन चौथ्या रचनेचे स्फटिक वितळवायचे. डिसेंबर-जानेवारीत दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या थंड स्वयंपाकघरात हे सहज जमते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असताना खोलीच कोको बटरच्या वितळणबिंदूच्या पुढे गेलेली असते, आणि तेव्हा वातानुकूलित खोलीवाचून हा खटाटोप करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यात शेंगदाण्याचे तेल भर घालते. कोको बटरचे रेणू बऱ्यापैकी सरळ असल्याने उदबत्त्यांच्या पुड्यासारखे गच्च रचले जातात. शेंगदाण्याच्या तेलातील रेणू वाकडे असल्याने ते त्या रचनेत बसत नाहीत. मधल्या थरातील द्रव तेल दिवसागणिक वर झिरपते, थोडे कोको बटर विरघळवून पृष्ठभागाशी आणते, आणि तिथे ते पुन्हा गोठून पांढरट, राखाडी झाक दिसते. तापमान जितके जास्त, तितके हे लवकर घडते. झिरपणे थांबवता येत नाही, पण लोणी-साखरेच्या जाळीने मंद करता येते, आणि वडी थंड ठेवल्याने आणखी मंद होते.

बेकरीत वापरले जाणारे कंपाउंड चॉकलेट हा उन्हाळ्यातला व्यवहारी पर्याय आहे. त्यात कोको बटरऐवजी सहसा पामच्या गरातील तेलापासून केलेला घट्ट मेद असतो, त्याला तापमानाचे चढउतार द्यावे लागत नाहीत, पण जिभेवर मेणचट थर राहतो. दोन्ही एकत्र वितळवण्याची काटकसर करू नये, कारण हे दोन मेद मिसळले की मिश्रण दोघांपेक्षाही मऊ होते.

तेलाचा हाच अवगुण कापताना उपयोगी पडतो. निव्वळ चॉकलेटचा थर सुरीखाली तडकतो आणि मधला थर बाजूने बाहेर येतो. २०० ग्रॅम चॉकलेटमध्ये एक मोठा चमचा पीनट बटर आधीच मिसळले तर थर किंचित लवचीक होतो आणि वड्या सरळ पडतात. सुरी गरम पाण्यात बुडवून, पूर्ण पुसून घ्यावी.

पावसाळ्यात आणखी एक पांढरेपणा दिसतो आणि तो वेगळा असतो. फ्रीजमधून काढलेल्या थंड वडीवर दमट हवेतील पाणी जमते, ते साखर विरघळवते, आणि पाणी उडाल्यावर साखरेचे बारीक कण मागे राहतात. बोट फिरवून फरक कळतो: मेदाचा डाग बोटाच्या उबेने पुसट होतो, साखरेचा डाग खरखरीत लागतो आणि तसाच राहतो. दोन्ही खाण्यास निर्धोक आहेत. दुसरा टाळायचा असेल तर डबा फ्रीजमधून काढून बंदच ठेवावा आणि तो बाहेरून कोरडा होऊन वड्यांना खोलीचे तापमान आल्यावरच झाकण उघडावे. मे महिन्यात मात्र तितके थांबायचे नाही, डबा उघडून लगेच वाढायला घ्यावे.