ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

'निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट', म्हणजेच ऋण प्रबलन, म्हटलं की पुढच्या वाक्यात ओरडणं, मोबाइल जप्त करणं किंवा कोपऱ्यात उभं करणं येणार, हे मी आता धरूनच चालतो. मुलांच्या वागण्याविषयी हिरिरीने बोलणारेही इथेच घसरतात.

शिक्षा काय ते सगळ्यांना माहीत आहे. कृतीनंतर असं काही होतं की ती कृती पुढे कमी होते. बस्स.

प्रबलन म्हणजे बळ मिळणं. त्यात वागणूक वाढतेच, मग आधी 'धन' लावा की 'ऋण'. ऋण म्हणजे वाईट नव्हे, ते वजाबाकीचं चिन्ह आहे: मुलाने काही केलं, नकोशी गोष्ट वजा झाली, म्हणून पुढच्या वेळीही ते तसंच करतं. ('नकारात्मक प्रबलन' या भाषांतराने घोळात भरच घातली. गणितातलं 'ऋण' बरं.) मोबाइल काढून घेण्यातही वजाबाकी आहेच की, असं कोणी म्हणेल. आहे, पण तिथे हवीशी गोष्ट वजा होते आणि वागणं कमी होतं, म्हणून ती शिक्षाच. आधी वागणं वाढलं की घटलं ते बघा, चिन्ह नंतर. गोंधळ जुना आहे हेही खरं. प्रबलनाचा सिद्धांत मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ स्किनरने खुद्द १९३८च्या पुस्तकात 'ऋण प्रबलन' हा शब्द शिक्षेच्या अर्थाने वापरला होता. १९५३पर्यंत त्याने तो सुधारला, आपण मात्र अजून १९३८मध्येच.

आता भीतीकडे या. वर्गात उभं राहून कविता म्हणायची आहे आणि सकाळीच मुलीच्या पोटात कळ येते. कळ खोटी नसते, भीतीने पोट खरंच दुखतं. आई म्हणते, "राहू दे आज, नको जाऊस." दहा मिनिटांत पोट शांत. कोणी रागावलं नाही, उलट सगळं मायेनेच झालं, आणि तरीही ऋण प्रबलन पुरेपूर झालं. एकदा नव्हे, दोनदा: मुलीची धास्ती गेली, आईचाही जीव भांड्यात पडला. पुढच्या वेळी कळ लवकर येईल आणि आईही लवकर 'राहू दे' म्हणेल. मानसशास्त्रज्ञ मावररने १९४७मध्ये मांडलं ते हेच, भीती जडते साहचर्याने, म्हणजे एखादी गोष्ट नकोशा अनुभवाशी जोडली गेल्याने, आणि टिकते टाळण्याने. ज्याच्या डोक्यात 'ऋण म्हणजे शिक्षा' बसलंय, त्याला या सकाळीत काहीच दिसत नाही.

इथे मुलीला दटावणंही माझ्या मते फुकट. तिला सुटका हवी आहे, तर ती मिळवण्याचा दुसरा रस्ता द्यावा. कार आणि ड्युरँड या संशोधकांच्या १९८५च्या प्रयोगात अवघड काम समोर आलं की बिथरणाऱ्या मुलांना "मला समजत नाही" म्हणायला शिकवलं. म्हटलं की मदत मिळे, आणि बिथरणं एकदम उतरलं. त्याच मुलांना लक्ष वेधून घेणारं वाक्य शिकवलं तेव्हा मात्र ढिम्म फरक नाही, कारण त्यांना लक्ष नकोच होतं.

कवितेवाल्या मुलीने आधी एकाच मैत्रिणीला दोन ओळी म्हणून दाखवाव्यात. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्सने १९२४मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाकडे ससा असाच थोडा थोडा सरकवत नेला होता, पीटर खात असताना. शेवटी पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देत होता.