हाफकिनची लस, तुपाचे थेंब अन् आमची आत्या

परवा नागपूरच्या महाल भागात आत्याकडे गेलो तर तिचा प्रश्न, हे लसवाले शास्त्रज्ञ आजकाल लॅब सोडून टीव्हीवर अन् शाळांमधे समजावून सांगत काहून फिरतात, पहिले तर असं नव्हतं. असं कसं नव्हतं, चांगलं सव्वाशे वर्षं जुनं आहे हे.

1896 मधे मुंबईत प्लेग आला. ओडेसाचा जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन तेव्हा भारतात कॉलऱ्याची लस टोचत होता, त्याला तिकडे बोलावलं, ग्रँट मेडिकल कॉलेजमधे थोडीशी जागा अन् हाताखाली मोजकी माणसं, एवढ्यावर त्यानं सुरू केलं. जंतू वाढवायला मांसाचं सूप अन् त्याच्यावर चक्क तुपाचे थेंब! त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, मग तापवून मारले की झाली लस. मेलेल्या जंतूची शरीराला ओळख करून द्यायची, म्हणजे खरा आला की अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, भराभर बनतात. ही ओळख ठेवणाऱ्या पेशी असतात वगैरे इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकाराचं शास्त्र, बरीच नंतर उलगडली.

10 जानेवारी 1897 ला त्यानं पहिले स्वतःलाच टोचून घेतलं, मग भायखळा जेलमधले कैदी तयार झाले. पण त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली सोजीर घराघरात घुसत होते, जूनमधे चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडला गोळी घातली, अशा दिवसांत साहेबाच्या सुईवर कोण भरोसा ठेवणार? शेवटी इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतलं तेव्हा कुठे त्यांची माणसं पुढे आली. लस बनवण्यापेक्षा हे काम जड होतं असं मला वाटतं.

अन् भरोसा जायला एक बाटली पुरते. 1902 मधे पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वातानं गेले, खापर फुटलं हाफकिनवर, निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता अन् तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, एवढंच! प्लेग तोवर आपल्या नागपुरातही पोचला होता, डॉ. हेडगेवारांचे आईवडील दोघंही त्यातच गेले.

आता गगनदीप कांग बघा, वेल्लोरला रोटाव्हायरसवर, म्हणजे लहान मुलांना जुलाब करणाऱ्या विषाणूवर, कितीतरी वर्षं काम, 2019 मधे रॉयल सोसायटीची फेलोशिप, अन् कोरोनात साध्या भाषेत लोकांना समजावून सांगणाऱ्यांतही त्या होत्याच. 2020 मधे कोव्हॅक्सीनची पहिली चाचणी 375 जणांवर झाली, त्यात आपल्या नागपूरचाही एक दवाखाना होता, आठवतं का, तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर हीच चर्चा असायची.

आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अन् मग विचारलं, तूप गाईचं का म्हशीचं?