विशेष शिक्षणाच्या पदवीत समाजशास्त्र आलं कुठून?

विशेष शिक्षणाच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याची अपेक्षा साधी असते. ब्रेल शिकवतील, सांकेतिक भाषा शिकवतील, सावकाश शिकणाऱ्या मुलाला बेरीज कशी समजवायची ते सांगतील. प्रत्यक्षात समोर येतात समाजशास्त्र, सामाजिक धोरण, कुटुंब, हक्कांचे कायदे. हे विषय अभ्यासक्रम फुगवायला घातलेत, असं अनेकांना वाटतं. पण ते या पदवीत सहजासहजी आलेले नाहीत. दीड-दोनशे वर्षं हा व्यवसाय आधी डॉक्टरांच्या आणि मग चाचण्या घेणाऱ्यांच्या ताब्यात होता. त्या ताब्याविरुद्ध झालेल्या भांडणातून ते आले.

सुरुवात पॅरिसमधून करावी लागते. १७६० च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूने तिथे कर्णबधिर मुलांना खुणांच्या भाषेतून शिकवायला घेतलं. १७८० च्या दशकात व्हॅलेंटिन हौई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. पुढे लुई ब्रेल याच शाळेत शिकला आणि तिथेच शिक्षकही झाला. शिक्षक घडवण्याची तेव्हाची पद्धत उमेदवारीची होती: जाणत्याच्या हाताखाली राहायचं, बघायचं, करायचं.

याच शहरातल्या कर्णबधिरांच्या संस्थेत ज्याँ इतार नावाचा तरुण डॉक्टर होता. १८०० साली आव्हेरॉनच्या जंगलात सापडलेला, न बोलणारा एक मुलगा तिथे आणला गेला. इतारने त्याचं नाव व्हिक्टर ठेवलं आणि त्याच्यावर पाच-सहा वर्षं मेहनत घेतली. व्हिक्टर ‘ले’ (फ्रेंचमध्ये lait), म्हणजे दूध, हा शब्द उच्चारू लागला. पण दूध समोर आल्यावर, मागण्यासाठी नव्हे. इतार हिरमुसला. पुढे व्हिक्टर धातूची अक्षरं जुळवून तोच शब्द मांडायला शिकला, आणि एकदा शेजारच्या घरी जाताना ती चार अक्षरं बरोबर नेऊन त्याने तिथल्या टेबलावर लावली. बोलण्यातून जे साधलं नव्हतं ते असं साधलं. इतारच्या टिपणांत हे सगळं बारकाईने आहे. ज्यांनी त्या मुलाला रोज जेवू घातलं, सांभाळलं, त्या मादाम गेराँ मात्र त्यांत बाजूलाच राहतात. मुलाचं घर आणि त्याच्या भोवतीची माणसं अभ्यासाबाहेर ठेवण्याची सवय इतकी जुनी आहे.

इतारचा शिष्य एदुआर सेगाँ अमेरिकेत गेला. १८७६ मध्ये बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्यांची तिथली पहिली संघटना उभी राहिली, तेव्हा तो तिचा अध्यक्ष झाला. या संघटनेचे सभासद होते संस्थांचे वैद्यकीय अधिकारी. शिक्षक त्यांच्या हाताखाली. चारच वर्षांनी, १८८० मध्ये, मिलान इथल्या परिषदेने कर्णबधिरांना फक्त तोंडी भाषेतून शिकवावं असा ठराव केला. १६४ प्रतिनिधींत स्वतः कर्णबधिर असलेला एकच होता. परिणाम शिक्षकांच्या घडणीवर थेट झाला, कारण कर्णबधिर शिक्षकाला उच्चार शिकवता येणार कसे? युरोप-अमेरिकेतल्या शाळांमधून अशा शिक्षकांची संख्या घसरत गेली. हा ठराव चुकीचा होता हे त्याच परिषदेच्या वारसांनी व्हँकूव्हरमध्ये मान्य केलं, पण ते २०१० साली.

मग आली चाचणी. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली, तीही शाळेत जादा मदत कुणाला लागेल हे ओळखण्यासाठी. मुलाची बुद्धी हा कायमचा ठरलेला आकडा आहे, हे बिने यांना मान्य नव्हतं. अमेरिकेतल्या हेन्री गॉडर्ड यांनी ती श्रेणी न्यू जर्सीतल्या व्हाइनलंड इथल्या, मंद ठरवलेल्या मुलांच्या संस्थेत नेली आणि नेमका उलटा अर्थ लावला: मंदपणा आनुवंशिक, म्हणून अशांना वेगळं ठेवा. व्हाइनलंडला उन्हाळी वर्गांसाठी शिक्षक येत, चाचणी घ्यायला शिकत आणि आपल्या गावच्या शाळेत जाऊन मुलं वेगळी काढत. विशेष शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा हा एक पाया आहे, आणि तो फारसा अभिमानाने सांगावा असा नाही.

त्याच काळात दुसरी वाटही होती. न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीट भागात स्थलांतरितांच्या वस्तीत एलिझाबेथ फॅरेल शिकवत होत्या. शाळेत न टिकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी विनाश्रेणी, म्हणजे इयत्तांची विभागणी नसलेला, वर्ग सुरू केला. वस्तीतल्या समाजकार्य केंद्राच्या लिलियन वाल्ड यांची त्यांना साथ होती. मूल का मागे पडतं, हे शोधताना घर, भूक, आजारपण, कामाला जाणारे आईवडील हे सगळं बघायचं असा त्यांचा आग्रह होता. १९२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात या क्षेत्रातली मोठी व्यावसायिक संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षा फॅरेलच. मॉस्कोत मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीही जवळपास तेच म्हणत होते: शारीरिक उणिवेपेक्षा तिच्यामुळे समाजात मुलाची जी जागा ठरते ती जास्त घातक. त्या वेळी दोघांपेक्षा चाचणीचं पारडं जड ठरलं.

१९५८ मध्ये अमेरिकेने बौद्धिक अक्षम मुलांच्या शिक्षकांचे प्रशिक्षक घडवण्यासाठी विद्यापीठांना निधी द्यायचा कायदा केला. १९६३ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. विद्यापीठांत विभाग वाढले, पदव्या आल्या. गंमत अशी की मोठा प्रश्न आतूनच उठला. १९६८ मध्ये लॉइड डन या विशेष शिक्षणाच्याच प्राध्यापकाने विचारलं की सौम्य अक्षमतेच्या नावाखाली जे वेगळे वर्ग चालतात, त्यांतले बरेचसे समर्थनीय आहेत का? या वर्गांत गरीब आणि अल्पसंख्य समाजांचीच मुलं का भरलेली?

उत्तर द्यायला समाजशास्त्रज्ञ आले. जेन मर्सर यांनी कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड शहराचा अभ्यास केला. शाळेने मतिमंद ठरवलेली कितीतरी मुलं घरी आणि गल्लीत व्यवस्थित वावरत होती. अशा मुलांसाठी त्या काळात ‘सहा तासांचं मतिमंद मूल’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, म्हणजे शाळेचे सहा तास मतिमंद, बाकीचा दिवस चारचौघांसारखं. कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत टाकण्याविरुद्ध कॅलिफोर्नियात चाललेल्या लॅरी पी. खटल्यात आकडेच बोलले. १९६८-६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलं सुमारे ९ टक्के होती, पण या वेगळ्या वर्गांत सुमारे २७ टक्के. १९७९ मध्ये न्यायालयाने अशा वर्गांत पाठवण्यासाठी कृष्णवर्णीय मुलांच्या बुद्ध्यंक चाचण्या वापरायला मनाई केली.

तोवर १९७५ च्या अमेरिकी कायद्याने प्रत्येक अक्षम मुलाला मोफत, योग्य शिक्षण आणि लेखी वैयक्तिक आराखडा मिळाला, आणि पालकांना तो आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत बसायचा हक्क. शिक्षकाला आता कायदा वाचता येणं भाग पडलं. पालकांशी बोलणं हेही काम झालं. ब्रिटनमध्ये १९७८ च्या वॉर्नॉक अहवालाने म्हटलं की पाचातल्या एका मुलाला कधी ना कधी विशेष मदत लागेल, म्हणून प्रत्येक शिक्षकाच्या मूळ प्रशिक्षणातच हा विषय हवा. पाठोपाठ सॅली टॉमलिन्सन यांनी विशेष शिक्षणाच्या समाजशास्त्रावर पुस्तक लिहिलं, आणि स्वतः अपंग असलेल्या माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसाठी ‘सामाजिक प्रारूप’ मांडलं: अडथळा पायऱ्यांत आहे, चाकाच्या खुर्चीत नाही. आजच्या अभ्यासक्रमातलं समाजशास्त्र बहुतांशी या दहा-पंधरा वर्षांचं देणं आहे.

१९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनी समावेशक, म्हणजे सगळ्या मुलांना एकत्र शिकवणाऱ्या, शाळेची बाजू घेतली, २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांच्या करारात तो हक्क झाला. पण मुलं सर्वसाधारण वर्गात आली तर वेगळी पदवी कशाला, की सगळ्यांनाच थोडं थोडं शिकवावं, यावर देशोदेशी अजून घोळ आहे. इटलीने १९७७ मध्येच शाळांमधले वेगळे वर्ग बंद केले. तिथला साहाय्यक शिक्षक कागदोपत्री संपूर्ण वर्गाचा असतो, एका अक्षम मुलाचा नव्हे. तरीही तो त्या मुलाला घेऊन वर्गाबाहेर बसतो, अशी तक्रार तिथले अभ्यासक आजही करतात.