डावखुरेपणा व अवकाशीय आकलन

वस्तूचा आकार व दिशा मनात धरून ती मनातल्या मनात फिरवून पाहण्याची क्षमता आणि माणसाचा प्रधान हात, यांतील संबंध. डावखुरी माणसे साधारण दहांत एक आढळतात. ती चित्रकलेत वा वास्तुरचनेत जात्याच सरस असतात, ही समजूत पुराव्यावर टिकत नाही.

वाद मुख्यतः मेंदूच्या गोलार्धांभोवती आहे. उजवखुऱ्यांपैकी सुमारे ९६ टक्के, तर डावखुऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांची वाचा डाव्या गोलार्धात असते (रासमुसेन व मिल्नर, १९७७). जेरी लेव्ही यांनी १९६९ मध्ये मांडले, की वाचा दोन्हीकडे पसरली तर उजव्या गोलार्धातील अवकाशीय कामाला जागा अपुरी पडते. म्हणजे डावखुरे मागे राहावेत. गेश्विंड व गालाबुर्डा यांनी १९८० च्या दशकात जवळपास उलट मत दिले. त्यांच्या मते गर्भावस्थेतील टेस्टोस्टेरॉनमुळे (पुरुषी संप्रेरकामुळे) डाव्या गोलार्धाची वाढ मंदावते आणि उजवा प्रबळ होतो; त्यातूनच डावखुरेपणा व सरस अवकाशीय कौशल्य ही दोन्ही येतात. या दुसऱ्या उपपत्तीवर १९९४ मध्ये ब्रायडन, मॅकमॅनस व बुलमन-फ्लेमिंग यांनी घेतलेले आक्षेप अधिक वजनदार वाटतात. सोमर्स व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उजवखुऱ्यांकडे अगदी किंचित झुकणारा फरक दिसला. एखाद्या व्यक्तीबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही.

मोजमापाचा प्रश्न कोकणात विशेष जाणवतो. नैवेद्य, देणेघेणे, जेवण उजव्या हातानेच, हे वळण लहानपणीच लावले जाते. त्यामुळे लिहिता हात पाहून डावखुरा ओळखणे फसवे ठरते. प्रधान हात ठरवण्यासाठी ओल्डफील्ड यांनी १९७१ मध्ये दिलेल्या एडिंबरो प्रश्नावलीत सुरी कोणत्या हातात धरता असा प्रश्न आहे. येथे मासळी विळीवर (मालवणीत आडाळो) चिरतात. पाते स्थिर राहते आणि मासा दोन्ही हातांनी त्यावर सरकवला जातो, तेव्हा तो प्रश्नच गैरलागू होतो. पाग (मासे धरायचे फेकजाळे) फेकताना, नारळ सोलताना किंवा कोयता चालवताना कोणता हात पुढे येतो, हे विचारणे अधिक उचित.

अवकाशीय कौशल्य सरावाने वाढते, हे डेव्हिड अटल व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या आढाव्यातून बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. गणपतीच्या शाळेत (मूर्तींच्या कारखान्यात) डाव्या सोंडेची मूर्ती घडवणाऱ्याला उजव्या सोंडेची करायची झाल्यास सोंडेचे वळण डोळ्यांपुढे उलटे आणावे लागते. ते त्याला हंगामागून हंगाम माती हाताळून साधते, मग हात कोणताही असो.