दुर्मिळ पक्षी नजरेतून सुटत नाहीत?

‘आता हातोहाती कॅमेरे आहेत, दुर्मिळ पक्षी उतरला की कुणीतरी टिपतोच,’ हे बरीच वर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. अशा पक्ष्यांच्या नोंदी शनिवार-रविवारी वाढतात. सुट्टी पक्ष्यांना नसते, बघणाऱ्यांना असते! मधल्या वारी येऊन गेलेले कित्येक कुणाच्या गावीही नसतात.

मग न दिसलेले मोजायचे कसे? समजा, दोघांनी एकमेकांना न विचारता एकच पाणथळ जागा पालथी घातली. प्रत्येकाला १० जाती दिसल्या, त्यातल्या ५ सामाईक. म्हणजे पहिल्याच्या निम्म्याच जाती दुसऱ्याला सापडल्या. तिथल्या एकूण जातींतल्याही निम्म्याच त्याला दिसल्या असणार; या हिशेबाने एकूण जाती साधारण २०. दोघांच्या मिळून १५, म्हणजे ५ दोघांनाही हुकल्या. दुर्मिळ पक्ष्याच्या बाबतीत मात्र गोम अशी, की बातमी फुटली की सगळे तिकडेच धावतात. मग नोंदी स्वतंत्र राहत नाहीत आणि हुकलेल्यांचा आकडा उगाच कमी दिसतो.

रानपिंगळा या छोट्या घुबडाचंच बघा. १८८४ नंतरची त्याची खात्रीची नोंद थेट १९९७ची, शहाद्याजवळची. बरं, हा काही फक्त रात्री बाहेर पडणारा पक्षी नव्हे. भर दिवसाही उघड्या फांदीवर बसतो.