पेरूत जेवायला बसण्याआधी : आमच्या सहलीच्या प्रवाशांसाठी

सहल ठरली की आमच्या ऑफिसात तीन फोन येतात. पहिला व्हिसाचा, दुसरा थंडीचा, तिसरा जेवणाचा. पहिल्या दोन्हींची उत्तरं तुमच्या फाइलमध्ये आहेत. तिसऱ्याचं उत्तर सांगून सांगून घसा बसला, म्हणून हे पत्रक. विमानात बसण्याआधी एकदा वाचा. घरात जो कोणी ‘मी आयत्या वेळी बघीन’ म्हणतो, त्याला दोनदा वाचायला द्या.

किरकोळ शंका आधी उरकते. पेरूत पेरू मिळतो, तिकडे त्याला ‘ग्वायाबा’ म्हणतात. नळाचं पाणी पिऊ नका. बाटली मागताना ‘सिन गास’ म्हणा, ‘कोन गास’ म्हटलंत तर सोडा येईल. तिखटाची काळजी नको. मिरची मुळात अमेरिका खंडांतूनच जगभर गेली, आणि ‘आही’ची, म्हणजे मिरचीच्या चटणीची, वाटी मागितली की मिळते. फक्त एक लाल, गुबगुबीत, ढोबळीसारखी दिसणारी मिरची असते, आत काळ्या बिया. ती ‘रोकोतो’. मागच्या खेपेला एका कोल्हापूरकरांनी ढोबळी समजून चावली. पुढची पाच मिनिटं ते कुणाशीच बोलले नाहीत.

आता ज्या चुकीपायी हे पत्रक छापावं लागलं, ती. टेबलावर बसल्यावर वेटरला ‘नो मीट’ सांगणं.

स्पॅनिशमध्ये मांसाला ‘कार्ने’ म्हणतात. पण नुसतं कार्ने म्हटलं की तिथल्या वेटरच्या डोळ्यांसमोर गोमांस येतं, फार तर डुकराचं. कोंबडी म्हणजे ‘पोयो’, मासा म्हणजे ‘पेस्कादो’, हॅम म्हणजे ‘हामोन’. यातलं काही त्याच्या लेखी कार्ने नव्हेच. तुम्ही कार्ने नको म्हणालात, तर तो कोंबडी आणणार, आणि तीही आपुलकीने. तो फसवत नाही. आपल्याकडे ‘आज काही खात नाही, उपवास आहे’ म्हणणारा साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतो आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही, तसंच आहे हे.

प्रसंग ओयांतायतांबो गावातला. जेवून माचू पिक्चूकडे जाणारी गाडी पकडायची होती. स्टेशनात अर्धा तास आधी हजर राहावं लागतं, म्हणून जेवणाला सव्वा तास ठेवलेला. चौदा जणांची यादी दोन दिवस आधीच हॉटेलला कळवली होती. सगळे बसले, आणि एका काकूंनी केवळ खात्रीसाठी वेटरला थांबवून हात हलवत सांगितलं, ‘नो मीट, ओके? नो मीट.’ शेजारच्या तिघींनी माना डोलावल्या. वेटर मान तुकवून आत गेला. आमच्या यादीत लिहिलं होतं, ‘शाकाहारी, सूपही फक्त भाज्यांचं’. काकूंच्या निरोपाने तिचं ‘कार्ने नको’ झालं. दहा मिनिटांनी किन्वाचं सूप आलं. वरून बघावं तर गाजर, बटाटा, किन्वाचे फुललेले दाणे, कोथिंबीर. काकूंनी चमचा तळाशी घातला आणि वर आलं कोंबडीच्या पंखाचं हाड.

चार वाट्या परत गेल्या. मग उरलेल्या दहा जणांना शंका, म्हणून त्यांच्याही गेल्या. गाडी मिळाली, पण पोटात नुसता पाव होता.

म्हणून आमची पद्धत अशी : निघण्याआधी तुमच्याकडून एक फॉर्म भरून घेतो. त्यात ‘व्हेज की नॉनव्हेज’ असा प्रश्न नाही. गोमांस, डुक्कर, कोंबडी, मासे, अंडं आणि हाडांचा किंवा कोंबडीचा रस्सा, असे सहा वेगळे रकाने आहेत. ‘इतकं कशाला विचारता, आम्ही घरचीच माणसं’ असं काहींना वाटतं. पण तिथल्या सुपात गडबड बहुतेक वेळा रश्श्यातच होते, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्या फॉर्मवरून प्रत्येकाच्या नावाचं स्पॅनिश कार्ड करून देतो. टेबलावर ते पुढे ठेवायचं आणि गप्प बसायचं. बोलल्याशिवाय राहवत नसेल तर एवढंच पाठ करा : ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो.’ ताट आल्यावर संशय आला तर बोट दाखवून ‘येवा पोयो?’ म्हणजे ‘यात कोंबडी आहे का?’

दुसरी गंमत ‘मेनू’ या शब्दाची. दुपारी छोट्या हॉटेलात बसून तुम्ही ‘मेनू’ म्हणालात की समोर सूप येऊन पडेल. ‘मेनू’ म्हणजे तिथली दुपारची ठरलेली थाळी : आधी सूप किंवा काहीतरी थंड, मग मुख्य ताट, सोबत सरबत. स्वस्त असते आणि पोटभर असते. पदार्थांची यादी हवी असेल तर ‘ला कार्ता’ मागायची.

सेविचेला आम्ही साडेबाराला का नेतो, यावर दर खेपेला कुरकुर होते. ‘नाश्ता अजून जिरला नाही,’ ‘रात्री निवांत नेलं असतं.’ सेविचे म्हणजे ताज्या कच्च्या माशाचे तुकडे, आपल्या कागदी लिंबासारख्या आंबट लिंबाच्या रसात, कांदा आणि मिरचीसोबत. मासा पहाटे बाजारात येतो आणि दुपारपर्यंत संपवायचा, अशी तिथली जुनी रीत, म्हणून सेविचेची पारंपरिक हॉटेलं दुपारचीच चालतात. रात्री सेविचे वाढणारी ठिकाणंही आता आहेत. पण किनाऱ्याकाठच्या माणसाला माशाची वेळ मी समजावून सांगायची, हे मला बरं दिसत नाही. 2023 मध्ये युनेस्कोने सेविचेची परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घेतली. सोबत उकडलेलं रताळं, टपोऱ्या दाण्यांचं मक्याचं कणीस आणि भाजलेले खारे मक्याचे दाणे येतात. खाली उरलेला आंबट-तिखट रस म्हणजे ‘लेचे दे तिग्रे’, वाघाचं दूध. आपल्याकडे इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणत, तिकडे ते पेल्यात घालून खरोखर पितात.

लिंबाने मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो, पण आचेचं सगळं काम लिंबू करत नाही. गरोदर बायका आणि नाजूक पोटाची माणसं यांनी लांब राहावं. मात्र ‘जरा शिजवून द्या’ म्हणून ताट परत पाठवू नका. त्यापेक्षा ‘चिचारोन दे पेस्कादो’ मागवा, कुरकुरीत तळलेला मासा येईल. मालवणी माणसं पहिल्या दिवशी हे मागवतात आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सेविचेकडे वळतात.

न खाणाऱ्यांसाठी तिथे काही नाही, हा गैरसमज. ‘पापा आ ला वांकाईना’ म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांवर पिवळ्या मिरचीची, चीज आणि दूध घातलेली दाट चटणी. थंडच वाढतात, तेव्हा ‘गरम करून आणा’ म्हणू नका. वर अंड्याची फोड असते. ‘लोक्रो दे सापायो’ ही लाल भोपळ्याची मऊ भाजी भाताबरोबर मिळते. ‘काउसा’ म्हणजे लिंबू-मिरची घातलेला कुस्करलेला बटाटा. आत सहसा कोंबडी किंवा ट्यूना असतो, पण अव्होकाडो भरूनही करून देतात. ‘लोमो साल्तादो’चा वास मात्र भुलवतो. ते गोमांस आहे. चिनी मजूर 1849 पासून पेरूत येऊ लागले आणि त्यांच्या कढईतून असे पदार्थ निघाले. त्या चिनी-पेरुवी हॉटेलांना ‘चिफा’ म्हणतात. तिथला ‘चाउफा’ भात भाज्यांचा मागितला तरी अंडं असतंच, नको असेल तर आधी सांगावं लागतं.

आणि उपवासवाल्यांनी तर खुशाल यावं. बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, सगळं दक्षिण अमेरिकेतलं. ‘कीविचा’ म्हणजे राजगिऱ्याचाच अँडीजमधला भाऊ. एकादशीच्या ताटाचं माहेरच म्हणा ना.

पेयांत एक घोटाळा होतो. ‘चिचा मोरादा’ म्हणजे जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी, लवंग घालून उकळलेलं सरबत, लहान मुलांनाही चालतं. ‘चिचा दे होरा’ मात्र आंबवलेली, चढणारी. नुसतं ‘चिचा’ म्हणू नका. ‘पिस्को सावर’ या दारूच्या पेयावरचा पांढरा फेस कच्च्या अंड्याचा असतो. दारू चालते पण अंडं चालत नाही, अशी मंडळी आमच्याकडे दर सहलीत दोन-तीन तरी निघतात, त्यांच्यासाठी सांगितलं.

कुस्को शहर समुद्रसपाटीपासून साधारण 3,400 मीटरवर आहे. तिथली पहिली रात्र आम्ही सूप-पावावर काढतो. पैसे वाचवायला नव्हे. उंचीवर भरपेट जेवलं की झोपेचं खोबरं होतं. कोकाच्या पानांचा चहा तिथे हॉटेलात सर्रास देतात, घ्यायला हरकत नाही. पण त्याच्या पिशव्या आठवण म्हणून घरी आणू नका. आपल्याकडे कोकाचं पान कायद्याने बंद आहे, आणि विमानतळावर तुमच्यासाठी थांबणं आम्हाला जमणार नाही.

राजधानी लिमातली ‘सेंट्रल’ 2023 मध्ये आणि ‘माइदो’ 2025 मध्ये जगातल्या 50 उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिली आली. दोन्ही सहलीच्या खर्चात नाहीत. जायचं असेल तर काही महिने आधी सांगा, टेबल मिळवायची खटपट आम्ही करू.

‘तुम्ही सोबत महाराज का नेत नाही?’ हेही नेहमीचं. नेता येतो. मग लिमात बसून तुम्ही फोडणीचं वरण खाल, आणि ते आमच्यापेक्षा तुमच्या घरी चांगलं होतं. आमची सहल लहान गटाची, पंधरा माणसांच्या आतली असते ती याचसाठी : एवढ्या माणसांची सहा रकान्यांची यादी हॉटेलवाला मनापासून सांभाळतो, चाळीस जणांची सांभाळणार नाही. जैन जेवणाचं मात्र स्पष्ट सांगते. बटाट्याच्या देशात बटाटा-कांदा-लसूण टाळणं अवघड आहे. ज्यांना तसंच हवं त्यांनी पैसे भरण्याआधी माझ्याशी बोलावं.

फॉर्म निघण्याच्या तीन आठवडे आधी हवा. रश्श्याचा रकाना रिकामा आला तर मीच फोन करीन.