कॉलेजची फी: कर्ज काढण्याआधी काय मागता येतं, आणि अर्ज नेमका कुठे अडतो

बारावीचा निकाल लागला की आमच्या कोकणातल्या वाडीवरचे पालक येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "शैक्षणिक कर्ज कुठची बँक लवकर देते?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी सरकारकडून फी सुटते का बघा, मग राहण्या-जेवणाचा भत्ता, आणि एवढं करून जे कमी पडेल तेवढ्यापुरतंच कर्ज. गेली काही वर्षं मी पोरांचे फॉर्म भरून देतो. पात्रता नाही म्हणून अर्ज बाद झालेले थोडेच पाहिले. बहुतेक गेले ते एखाद्या कागदापायी.

कोणाला काय मिळतं ते थोडक्यात सांगतो. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं, पण एका घरातल्या दोनच अपत्यांसाठी. मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्याचा शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गीय मुलींना, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नावर, तो लागू होतो. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांपर्यंत भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि त्यापुढच्या उत्पन्नाला फ्रीशिप, म्हणजे फीमाफी. हे सगळं महाडीबीटी या एकाच पोर्टलवर असतं. नोंदणीला दहा मिनिटं पुरतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मुलींच्या माफीबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. "मुलींना शिक्षण फुकट" एवढंच ऐकून लोक रिकाम्या हाताने कॉलेजच्या खिडकीवर जातात. माफ आहे ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. वसतिगृह, मेस आणि कॉलेजचे इतर आकार आपल्यालाच भरायचे आहेत. शिवाय प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात की माफी गेली. पहिल्या फेरीत हवं ते कॉलेज मिळालं नाही म्हणून घाबरून कोट्याची जागा धरणारे दरवर्षी भेटतात. त्यांना नंतर काही सांगून उपयोग नसतो.

आता उत्पन्नाचा दाखला. सेतूत फॉर्म दिला की काम झालं असं वाटतं, पण आपल्याकडची अर्धी घरं दोन ठिकाणी चालतात. वडील मुंबईत नोकरीला, आई गावी. तलाठ्याकडून गावच्या शेतीचं उत्पन्न लिहून घेतात आणि वडिलांचा पगार तसाच राहतो. पुढे हमीपत्रात वडील नोकरदार आणि दाखल्यावर वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, असा ताळमेळ बसत नाही. पगार धरूनही बहुतेक घरं ८ लाखांच्या आतच बसतात, तेव्हा लपवण्यासारखं काही नसतं. पगारपत्रक जोडा आणि खरा आकडा लिहा. खोट्या दाखल्यावर मिळालेली रक्कम परत भरावी लागते. दाखल्यावर "३१ मार्चपर्यंत वैध" असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते घरी आल्या आल्या वाचा. गेल्या वर्षीचा दाखला पुन्हा जोडणं ही मी पाहिलेली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे.

इतर मागासवर्गीयांचा गोंधळ वेगळाच. नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, काढताना सर्वसाधारणपणे पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. त्यामुळे नॉन-क्रीमीलेअर हातात आहे म्हणजे शिष्यवृत्ती मिळणारच असं लोक धरून चालतात. शिष्यवृत्तीला सगळं उत्पन्न मोजतात. दोन्ही कागद वेगवेगळे आहेत आणि दोन्ही लागतात.

जात पडताळणीला तर अकरावीतच हात घाला. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. कुणबी, भंडारी, गाबीत घरांतून आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सहसा सापडतच नाही, कारण आजोबा शाळेतच गेले नव्हते. मग जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४, तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावी लागते. बरीच पानं मोडी लिपीत असतात आणि वाचून देणारा माणूस शोधावा लागतो. एकदा एका मुलाबरोबर मीच गेलो होतो. कक्षातला कर्मचारी म्हणाला, "सोमवारी या." सोमवारी गेलो तर किल्ली दुसऱ्याकडे. चौथ्या फेरीला पान मिळालं, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण पणजोबांच्या नावापुढे "कुणबी" ठळक होतं. तोवर त्याची प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस उरले होते.

वसतिगृहाच्या भत्त्याची अडचण खास कोकणातली म्हणावी अशी आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना मिळतो. अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन. आपल्या वाट्याला चार गुंठे भात आणि दहा कलमं येतात, म्हणजे यात बसायला हरकत नसते. पण सातबारा अजून आजोबांच्या नावावर, नाहीतर पंचवीस-तीस सहहिस्सेदारांचा, त्यात वरकस म्हणजे हलकी जमीन आणि कातळ धरून क्षेत्र दोन हेक्टरच्या वर. कोणाचा हिस्सा किती ते उताऱ्यावर कुठे लिहिलेलंच नाही. तहसीलचा टेबलवाला एकूण क्षेत्रावर बोट ठेवतो आणि फाईल परत देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, उतारा आपणच तसा ठेवलेला असतो. वारसनोंद झाली नसेल तर ती आधी करून घ्या, फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो. आठ-अचा, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा, उतारा बरोबर न्या. जमीन सामायिक असेल तर इतर सहहिस्सेदारांची संमती हाताशी ठेवा. मूल भाड्याच्या खोलीत राहत असेल तर घरमालकाशी केलेला करारही काढून ठेवा.

नोंदणीकृत मजूर हा शब्द वाचून पुढे जाऊ नका. वडील गवंडी, सुतार, सेंट्रिंगवाले असतील तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. मंडळाची स्वतःची मदतही आहे. पदवीला वर्षाला २०,००० रुपये, अभियांत्रिकीला ६०,०००, वैद्यकीयला एक लाख, तीही दोन अपत्यांपर्यंत. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नोंदणी चालू ठेवावी लागते. बहुतेकांचं कार्ड तिथेच बंद पडलेलं असतं.

बँक खात्याबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात. "आधार लिंक आहे" असं बँक सांगते ते बहुतेक वेळा केवायसीपुरतं असतं. शिष्यवृत्ती जाते ती आधारवर शेवटचं सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठीची जोडणी, झालेल्या खात्यात. ते खातं कुठलं? आठवीत मोबाईलच्या दुकानात उघडलेलं पेमेंट बँकेचंही असू शकतं. आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती दिसते, फॉर्म भरण्याआधी पाहून घ्या. फॉर्ममध्ये मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा दिलात तर "त्रुटीसाठी परत" हा निरोप त्याच्या फोनवर जाऊन पडतो. दिवाळीत तुम्ही विचारायला गेलात की तो म्हणतो, "मेसेज आला होता वाटतं."

अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनला थांबतो. कॉलेजने पुढे सरकवल्याशिवाय काही होत नाही, म्हणून आठ-पंधरा दिवसांनी स्थिती पाहात राहा. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आपोआप काही होत नाही. मुदतवाढ होतेच, या भरवशावर बसू नका.

आता कर्ज. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. "तुमचं गाव आमच्या क्षेत्रात नाही" एवढ्यावर बँकेला अर्ज नाकारता येत नाही. तोंडी नकार मिळाला तर लेखी मागा, बऱ्याचदा तिथेच फॉर्म पुढे सरकतो. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि संस्था नॅक किंवा एनबीए या दर्जा तपासणाऱ्या मंडळांकडून मानांकित असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या कर्जावर शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष केंद्र सरकार व्याज भरतं. हा दावा बँकेने करायचा असतो. उत्पन्नाचा दाखला शाखेत देऊन पोच घेतली नाहीत तर तो कोणी करत नाही आणि व्याज मुद्दलात चढत राहतं. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेचं नाव ऐकून जाणार असाल तर तुमची संस्था तिच्या यादीत आहे का ते आधी पाहा.

बाकी राहतात सहहिस्सेदारांच्या सह्या. मुंबई-पुण्याचे काका-आत्ये एरवी हाती लागत नाहीत, गणपतीत सगळे घरी असतात. संमतीपत्राचे मुद्रांक आरतीच्या आधी आणून ठेवा. गौरी-गणपती गेले की चाकरमानी रात्रीच्या गाडीला बसतो, आणि पुढची भेट शिमग्याला.